उपरण्याखालचा हात

माझ्या आईला माझ्या मामानं फसवलं. सख्ख्या भावानं, चाकणच्या बैलबाजारात, भर दुपारी, पंचांच्या देखत. पुढं त्याच प्रकारावर त्यानं कविता लिहिली, ती माझ्या तोंडी घातली आणि तिच्यावर नाव कमावलं. हे आधीच सांगून टाकते, कारण भोसरीत भंगाराचा धंदा करताना मला एक सवय लागली. माल कसला आहे ते पहिल्यांदा बोलायचं, भावाचं नंतर. कारखान्याच्या फाटकावर लोखंडाच्या बरीचा, म्हणजे लेथवरून निघालेल्या किसाचा ढीग बघून जे व्यापारी आधी गोड बोलायला लागतात, त्यांच्या ढिगाखाली माती असते.

माझे वडील, त्यांना मी दादा म्हणायची, चाकणच्या बाजारात बैलांचे दलाल होते. आमचं घर बाजाराच्या पाठीमागं, दोन खोल्या आणि पुढं मोठं अंगण. बाजाराच्या आदल्या दिवशी लांबून आलेले लोक त्या अंगणातच जनावरं बांधायचे. त्यामुळं माझ्या लहानपणाचा आवाज म्हणजे रवंथ. पहाटे जाग आली की आधी तो संथ, ओला आवाज, मग घुंगरमाळांची किणकिण, मग आत्यानं भाकरी थापल्याचा. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती आमच्याकडं आली ती कायमची. बाजाराच्या दिवशी ती हुलग्याचे शेंगोळे करायची, लसूण जास्त घालून, आणि पातेलं इतकं मोठं असायचं की अंगणातल्या परक्या माणसालाही वाटी मिळायची. घरात आईचं नाव निघत नसे. बंदी कोणी घातली नव्हती. ज्या वाटेनं कोणी जात नाही तिच्यावर गवत वाढतं, तसं ते झालं होतं.

दादांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी होती. तरुणपणी एका उधळलेल्या खोंडाचा कासरा बोटाला गुंडाळून धरला आणि वरची दोन पेरं गेली. हे मुद्दाम सांगते, कारण दलालाचा सगळा धंदा बोटांवर. बैलाचा भाव तोंडानं बोलायचा नाही. उपरणं दोघांच्या हातांवर टाकायचं आणि त्याखाली समोरच्याच्या तळव्यावर बोटं दाबायची. शेकड्यात बोलतोय की दहांत, एवढंच तोंडानं म्हणायचं, आकडा बोटांनी. भोवती पंचवीस माणसं उभी असली तरी कळायचं ते त्या दोघांना. दादांनी चारचा आकडा दाबला की तीन बोटं टेकायची आणि करंगळीचं एक थोटूक. बाजारात लोक चेष्टा करायचे, "राव, तुमचं चार म्हंजी साडेतीनच. आर्दा सोडता व्हय आमाला?" दादा म्हणायचे, "आर्दा बैलानं नेला, त्याच्याकडनं घे."

मला ही विद्या त्यांनी खेळ म्हणून शिकवली. दुपारी ओट्यावर बसून माझ्या हातावर उपरणं टाकायचे आणि विचारायचे, "किती?" मी डोळे मिटून सांगायची. बायकांनी बाजारात हात द्यायची पद्धत नव्हती आणि पुढंही मला कोणी तो देऊ दिला नाही, पण माझ्या तळव्याला दादांची बोटं ओळखीची झाली. करंगळी टेकायला हवी त्या जागी एक छोटीशी मोकळी जागा उरायची. आजही कधी रात्री हात उशाखाली राहिला आणि बधीर झाला की मला तीच जागा जाणवते, बाकी हात नसतो.

आईची आणि दादांची काडीमोड झाली तेव्हा मी इतकी लहान होते की मला त्यातलं एकच आठवतं, एक हिरवी पाठ. हिरवं लुगडं, त्यावर पडलेलं ऊन, आणि ती बाजारातल्या बाभळीच्या पलीकडं जाताना. दोघांचं का पटलं नाही, हे मला कधी नीट कळलं नाही. दादांचा राग भयंकर होता, तो मला मिळाला आहे, त्यावरून अंदाज करते. आमच्यात तेव्हा कोर्टकचेरी नव्हती. दोन्हीकडची माणसं जमायची, पंच बसायचे, बोलणं व्हायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर एक काडी मोडायची, की संपलं. आमची बैठक बाजाराच्या दिवशी बाजारातच झाली, कारण सगळे तिथंच येणार होते. मोठी झाल्यावर मी दादांना एकदाच विचारलं, आईनं मला का नेलं नाही. ते म्हणाले, "मागितलं न्हाई." एवढंच. या दोन शब्दांवर मी मोठी झाले. शाळेत कोणी आईवरून काही बोललं की मी मारामारी करायची, आणि मारून झाल्यावर मनात तेच यायचं, मागितलं नाही.

अजून एक दिवस सांगायला हवा. मी तिसरी-चौथीत असेन. बाजाराचा दिवस होता. आत्यानं मला सकाळीच न्हाऊ घातलं, केसांना तेल चोपडलं, नवं परकर-पोलकं घातलं. सण नव्हता. दादांनी मला बाजारात नेलं आणि बाभळीखाली घोंगडं टाकून बसवलं. स्वतः शेजारी बसले. त्या दिवशी त्यांनी एकालाही हात दिला नाही. ओळखीचे लोक यायचे, "चला की, जोडी बघायची हाय," म्हणायचे. दादा म्हणायचे, "आज न्हाई." मला गोडीशेव दिली, मग भेळ, मग परत गोडीशेव. पुण्याकडून येणारी प्रत्येक गाडी थांबली की ते मान उचलून बघायचे. ऊन उतरलं, दावणी सुटल्या, शेणाचा आणि धुळीचा वास तेवढा मागं राहिला. मग ते उठले, घोंगडं झटकलं आणि म्हणाले, "चल सुमे." मला वाटलं, माझं पोट दुखेल म्हणून रागावलेत, कारण घरी जाईपर्यंत ते माझ्यापुढं झपाझप चालत राहिले.

आई तोवर पिंपरीला राहायला गेली होती. काडीमोडीनंतर मामानं तिचं दुसरं लग्न लावून दिलं होतं, त्याच्याच कारखान्यातल्या एका माणसाशी. मी नववीत असताना ती काविळीनं गेली. निरोप दोन दिवस उशिरा आला. दादांनी अंगणात जाऊन डोक्यावर पाणी ओतून घेतलं. नातं मोडलेल्या बाईचं सुतक त्यांना लागत नव्हतं. आत्या दारातून बघत राहिली आणि मग तिनं नुसता टॉवेल पुढं केला.

आता त्या कवितेकडं येते. मी राजगुरुनगरला कॉलेजात जात होते. चाकणहून यष्टीनं जायचं, खिडकीचा पत्रा वाजायचा, आणि मराठीच्या तासाला माझ्या शेजारी शैला बसायची, तिच्या डब्यातली मटकीची उसळ तास संपायच्या आत संपायची. मराठीचे सर तरुण होते, जरा चिडके, पण वर्गाला मूर्ख समजत नसत. एक दिवस त्यांनी सायक्लोस्टाईल केलेला एकेक कागद सगळ्यांना वाटला. म्हणाले, "कवीचं नाव सांगणार नाही. नाव कळलं की तुम्ही नावावर बोलता. कवितेवर बोला." कवितेचं नाव 'वारसा' होतं.

आईकडून मला तिची पाठ मिळाली,
बाभळीआड जाताना दिसलेली.
बापाकडून मिळालं एक उपरणं
आणि त्याखाली दाबलेली
तीन बोटं, एक अर्धं.
काडी मोडली तेव्हा
आवाज एवढासाच झाला.
मी तो अजून कानात घेऊन फिरते.

सरांनी दोनदा वाचली. मला पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. नाही, ऐकू आलं, पण कोणी तरी माझ्या घराचं दार उघडं टाकून गेलंय आणि सगळा वर्ग आत शिरलाय असं वाटलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, वारसा म्हणजे जमीनजुमला. हिला तर पाठ आणि बोटं मिळाली. वकील बरा नव्हता वाटतं." वर्ग हसला. सर म्हणाले, "चेष्टेत का होईना, तू बरोबर जागी आलास. जे वाटून देता येत नाही तेच हिच्या वाट्याला आलंय. पुढं बोला. ते अर्धं बोट काय आहे?" शैला म्हणाली, "घर अर्धं झालं, सर. आई गेली म्हणून." दुसरी म्हणाली, "बापाचा जीव अर्धा राहिला." सर फळ्यावर लिहीत गेले. मी उभी राहिले, का ते मला कळलं नाही. म्हणाले, "सर, ते खरंच अर्धं बोट आहे. बैलानं नेलेलं."

कोणी हसलं नाही. माझा आवाज तसा आला असावा. सरांनी खडू ठेवला. मी त्यांना उपरण्याखालचा सौदा कसा होतो ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग एक प्रश्न विचारला. तो त्यांनी विचारला नसता, तर मी आज सुखी म्हातारी असते.

"म्हणजे वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही?"

"नाही सर. त्याच्यासाठीच तर उपरणं."

"आणि ही मुलगी तर लहान. लांब उभी असणार. मग किती बोटं दाबली, ते कवितेला कसं कळलं?"

मी उभीच होते. उपरण्याखाली नेहमी दोन हात असतात. कवितेत एकच होता. ज्याच्या तळव्यावर ती बोटं दाबली गेली, तो हात कवितेनं गाळला होता. आणि त्या दिवशी तीन बोटं न् एक अर्धं दाबलं होतं हे सांगू शकणारा जगात तो एकच माणूस, दादा सोडून. दादांना तर सही करण्यापलीकडं लिहिता येत नव्हतं. मी विचारलं, "सर, कवीचं नाव काय?" सरांनी माझ्याकडं बघितलं आणि एका कामगारांच्या दिवाळी अंकाचं नाव सांगितलं, त्यात छापलेलं टोपणनाव सांगितलं, आणि म्हणाले की कुणी आकुर्डीच्या कारखान्यातले गृहस्थ आहेत, पिंपरीत संत तुकाराम नगरला राहतात. संत तुकाराम नगरला आमच्या ओळखीचं एकच माणूस राहत होतं. ते टोपणनाव मी इथं लिहीत नाही. त्याची आणखी जाहिरात माझ्या खर्चानं कशाला?

त्या दिवशी पुढचे तास सोडून मी चाकणला आले. दादा ओट्यावर बसले होते, आत्या आत कांदे चिरत होती. मी दप्तर टाकलं, त्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, त्यांच्या हातावर टाकलं आणि खाली माझा हात घातला. म्हणाले, "दादा, बाभळीखाली मामाच्या हातात काय दाबलं होतं?"

त्यांनी उपरणं नीट पसरलं. मग तीन बोटं टेकली आणि थोटूक.

"चार काय? पैसे?"

"वर्सं. मी तोंडानं बोल्लो हुतो, वर्साचं बोलू म्हनून. समद्यांनी आयकलंय. चार वर्सं माझ्याकडं ऱ्हाऊ दे, मग घिऊन जा."

"आणि त्यानं?"

दादांनी माझ्या हाताखालून आपला हात काढून घेतला. उपरणं रिकामं खाली पडलं. "त्यानं आसं केलं. आन् पंचांस्नी म्हनला, मोडा काडी."

"मग तुम्ही ओरडून सांगायचं नाही का? सगळ्यांसमोर?"

"हातातलं हातातच ऱ्हातं, सुमे. फिसकटल्याला सौदा तोंडानं सांगितला तर पुन्यांदा कोन हात दील आपल्याला? त्यानं मागितलं न्हाई. म्या काय समजायचं?"

विळीचा आवाज थांबला होता. आत्या दारात आली, हात कांद्यानं ओले. ती आईच्या शेजारी बसली होती त्या दिवशी, बैलगाड्यांच्या आडोशाला, बायकांत. म्हणाली, "आरं, त्यो तर तिला यून म्हनला, देत न्हाई पोरगी. कदीच न्हाई म्हंतोय. ती त्याच्या पाया पडली. त्यो म्हनला, ऊठ, लोक बगत्यात. मला वाटलं तूच नडलास. म्हनून मी तुला कदी इचारलं न्हाई."

इतकी वर्षं एकाच चुलीचं खाऊन दोघांनी दोन अर्धे भाग जपले होते. दोघं अबोल नव्हते. बैलाच्या खुरापासून भावकीच्या लग्नापर्यंत रोज बोलायचे. फक्त त्या एका ठिकाणी दोघंही सभ्य राहिले. दादांनी आत्याकडं बघितलं, मग बाभळीच्या दिशेला. मला त्या क्षणी नवं परकर-पोलकं आठवलं. मी म्हणाले, "मग चार वर्षांनी मला तिथं का नेऊन बसवलं होतं? हात तर त्यानं काढून घेतला होता."

"त्यानं काढला," दादा म्हणाले. "म्या दाबल्याला आकडा म्या कुटं मागं घ्येतला हुता?"

गोडीशेव मी त्यानंतर खाल्लेली नाही. नातवंडांना आणून देते, पण तिचा वास आला की मी गाड्या मोजू लागते. आई तेव्हा जिवंत होती. पिंपरीहून चाकण म्हणजे काय लांब? नाशिक रस्त्यानं यष्टीत बसलं की आलं. तिला कोणी सांगितलं असतं तर ती चालत आली असती. आणि एक विचार तर मला अजून झोपू देत नाही. मला शाळेत मारामाऱ्या करायला लावणारे ते दोन शब्द खोटे नव्हते. दादांच्या हातात खरंच कोणी काही मागितलं नव्हतं. मागणं तिथून पन्नास पावलांवर, गाड्यांच्या आड, मामाच्या पायाशी पडलं होतं.

पुढच्या रविवारी मी संत तुकाराम नगरला गेले. मामाचं घर वसाहतीत, खिडकीला पडदे, भिंतीवर कसल्याशा स्पर्धेचं प्रशस्तिपत्र. मामीनं पोहे केले. मामा स्वच्छ, मृदू बोलणारा, माझ्यापेक्षा कितीतरी शुद्ध मराठी. मी कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याला आनंद झाला आधी. हे मी विसरू शकत नाही. म्हणाला, "तुमच्या कॉलेजात लावली? कुणी निवडली?"

"दुसरा हात कुठाय, मामा?"

"कुठला दुसरा हात?"

"उपरण्याखालचा."

तो हसला. "सुमन, कविता आहे ती. कवितेत सगळंच आणायचं नसतं. जे गाळतो त्यानंच ती उभी राहते."

"आई तुमच्या पाया पडली होती."

पोह्यांची बशी त्यानं बाजूला सरकवली. मामी आत गेली. बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. "कवितेतली ती मुलगी म्हणजे तू नव्हेस," तो म्हणाला. "तसं वाचायचं नसतं. ती कोणीही मुलगी आहे."

"मग बोट कोणाचंही का नाही? ते माझ्या बापाचं कसं काय निघालं?"

माझा आवाज शेजारी गेला असणार, कारण रेडिओ बारीक झाला. मी कागद फाडायला घेतला, पण फाडला नाही. माझ्याकडं एवढा एकच पुरावा होता आणि तो त्यानंच लिहून दिला होता. मामा म्हणाला, "तू चिडली आहेस. पोहे खा." मी उठून आले.

त्यानं तसं का केलं, हे मला माहीत आहे असं वाटतं. आईसाठी दुसरा नवरा आधीच ठरला होता, आणि चार वर्षांनी का होईना पोर येणार म्हटल्यावर तो बिथरला असता. पण स्वतःच्या अंदाजावर मी कधी माल उचलला नाही, हाही उचलणार नाही. मी ओट्यावर विचारलं त्या दिवसापासून दादांनी ते उपरणं बाजारात नेलं नाही. नवं घेतलं. जुनं माझ्याकडं आहे, पिवळं पडलंय, एका टोकाला बैलाच्या शिंगाचं तेल लागलेलं, ते धुवून जात नाही. वारसा म्हणाल तर हाच. मामाच्या कवितेत तेवढं मात्र खरं आलंय.

मामा आज पंच्याऐंशीच्या पुढं आहे. चिंचवडला त्याचा सत्कार झाला, मी मागं उभी राहून बघितला. एका मुलीनं व्यासपीठावरून 'वारसा' म्हटली आणि पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. शाल पांघरताना मामाचा उजवा हात शालीखाली गेला आणि माझ्या तळव्याला घाम आला. लोक म्हणतात, आता जाऊ दे, म्हातारा माणूस आहे. मीही म्हातारी आहे. आई तर म्हातारीही झाली नाही.

मामा, तुम्ही वाचणारे आहात, हे तुमच्यापर्यंत येईलच. कवितेवर मी काही बोलत नाही, कविता चांगली आहे. मला तिच्यातली एकच ओळ कमी पडते, ती तुम्ही लिहून द्या. दादांची बोटं तुमच्या तळव्यावर टेकली होती, तुम्ही ती ओळखली होती, आणि तरी बैलगाड्यांपर्यंत चालत जाऊन तुम्ही आईला 'देत नाही' म्हणालात. त्या पन्नास पावलांत तुमच्या मनात काय होतं? तोंडानं बोलायची लाज वाटत असेल तर मी उपरणं घेऊन येते. मामी गेल्या, घरात आता तुमच्याशिवाय कोणी नाही, वरून बघायलाही कोणी नाही. हात पुढं करा. आणि या वेळी काढून घेऊ नका.